अडवून मोजलेली ताकद

नव्या मोटारीच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: कमाल शक्ती इतकी बीएचपी, इतक्या फेऱ्यांना. यातले 'एचपी' म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती, हे बहुतेकांना ठाऊक असते. 'बी' कशाचा, हे मात्र गाडी विकणाराही चटकन सांगू शकत नाही. तो 'ब्रेक'चा आहे. शक्ती सांगणाऱ्या आकड्याच्या नावात थांबवणाऱ्या साधनाचे नाव कसे आले, या साध्या प्रश्नापासून या लेखाची सुरुवात आहे.

उत्तर शेतकऱ्याच्या चटकन लक्षात येईल. बैल किती ओढतो हे रिकाम्या गाडीवर कळत नाही. गाडी भरावी लागते, चढाला लावावी लागते. इंजिनाचेही तसेच. मोकळे फिरणारे इंजिन कितीही गरजले तरी फारसे काम करत नसते. त्याची ताकद कळायची तर त्याला अडवावे लागते आणि त्या अडवणुकीला ते किती जोराने तोंड देते हे मोजावे लागते. अडवणे आणि मोजणे ही दोन्ही कामे एकदम करणारे उपकरण म्हणजे डायनॅमोमीटर. गॅरेजच्या भाषेत नुसता 'डायनो'.

तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत या उपकरणाचा इतिहास सुधारणांची यादी म्हणून येतो: आधी लाकूड, मग पाणी, मग वीज, शेवटी संगणक. मी अभियंता नाही. जमेल तसे वाचून हा विषय शिकलो. वाचताना मला या यादीपेक्षा दुसरा धागा महत्त्वाचा वाटत गेला. प्रत्येक टप्प्यावर तो आकडा कुणाला आणि कशासाठी हवा होता, हे विचारून पाहिले की दिसते ते असे: मोजमापाने इंजिन जेवढे घडवले, तेवढेच ते बिघडवलेही आहे.

गिरणीतला घोडा

वाफेच्या यंत्राची घोड्याशी तुलना जेम्स वॉटच्या आधीची आहे. थॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच आपले पाणी उपसणारे यंत्र किती घोड्यांचे काम करते हे लिहून ठेवले होते. पण त्या तुलनेला नेमका आकडा आणि धंद्याचे बळ दिले वॉटने.

वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींना यंत्रे दिली तेव्हा त्यांचा मोबदला ठरला होता तो कोळशाच्या बचतीवर. जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याचा एक तृतीयांश. १७८०च्या दशकात चाक फिरवणारी यंत्रे आली आणि गिऱ्हाईक बदलले. दारूच्या भट्ट्या, पिठाच्या गिरण्या यांच्याकडे जुने यंत्र नव्हते, घोडे होते. मग भाडे ठरवायचे कशावर? घोड्यांवरच.

वॉटचा हिशेब सर्वसाधारणपणे असा सांगितला जातो. १२ फूट त्रिज्येच्या चाकाला जुंपलेला गिरणीतला घोडा ताशी १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंड जोराने ओढतो. म्हणजे मिनिटाला साधारण १८१ फूट चाल. गुणाकार येतो ३२,५७२ फूट-पौंड. तो गोल करून वॉटने ३३,००० केला. त्याच काळातला नामांकित अभियंता जॉन स्मीटन याचा अंदाज होता २२,९१६. त्याआधी डेसाग्युलिए याने ४४,००० सांगितला होता. घोडा तोच, आकडे तीन.

दिवसभर राबणारा सामान्य घोडा वॉटच्या घोड्याएवढे काम करत नाही, हे पुढे अनेकांनी दाखवून दिले. पण वॉटचा आकडा धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. दहा घोड्यांचे म्हणून घेतलेले यंत्र दहा खऱ्या घोड्यांपेक्षा जास्तच काम करणार. गिऱ्हाईक कुरकुर करणार नाही. विकणाऱ्याने स्वतःहून माप मोठे ठेवावे, असे या इतिहासात पुन्हा फारसे घडलेले नाही.

वॉटचा तो घोडा अजून मेलेला नाही. ३३,००० ला २π ने भागले की ५,२५२ येतात. म्हणून पौंड-फुटांतला टॉर्क आणि अश्वशक्ती यांच्या रेषा एकाच मापाच्या आलेखावर काढल्या तर त्या नेहमी मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांवर एकमेकींना छेदतात. इंजिन कोणतेही असो. छेदत नसतील तर आलेख चुकला आहे असे समजावे.

स्नायू आणि लाकडी ठोकळे

'डायनॅमोमीटर' हा शब्द यंत्रांच्या आधी माणसांच्या वाट्याला आला. फ्रान्समध्ये एद्मे रेनिए याने अठराव्या शतकाच्या शेवटी या नावाचे एक उपकरण केले. लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंग, आणि ती दाबली किंवा ताणली की फिरणारा काटा. माणसाच्या मुठीचा, कमरेचा आणि घोड्याच्या ओढीचा जोर त्यावर मोजता येई. निकोला बोदँ याच्या नेतृत्वाखाली १८०० मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या फ्रेंच मोहिमेत फ्रांस्वा पेराँ याने हे उपकरण बरोबर नेले आणि तिथल्या रहिवाशांचा जोर मोजून ते युरोपियनांपेक्षा दुबळे असतात असा निष्कर्ष छापला. परक्या माणसाने हातात दिलेले लोखंड आपण जीव खाऊन का दाबायचे, हा प्रश्न त्या रहिवाशांच्या मनात आला असेल का, हे त्या आकड्यांत कुठेच उमटत नाही. यंत्र स्प्रिंगचा ताण सांगत होते, आणि वाचणारा त्यात माणसांची प्रतवारी वाचत होता.

फिरत्या यंत्राची ताकद मोजण्याची खरी युक्ती आली १८२१ मध्ये, गास्पार द प्रोनी याच्याकडून. हा माणूस हिशेबाच्या इतिहासातही नावाजलेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धतीची प्रचंड कोष्टके करण्यासाठी त्याने कामाची तीन पातळ्यांवर वाटणी केली: वर थोडे गणिती, मध्ये आखणी करणारे आणि खाली फक्त बेरीज-वजाबाकी करणारे. या खालच्या फळीत सरदारांचे टोप गेल्यामुळे बेकार झालेले केशभूषाकारही होते असे सांगतात. पुढे चार्ल्स बॅबेजला गणनयंत्राच्या विचारात ही वाटणी उपयोगी पडली.

प्रोनीचा ब्रेकही असाच साधा. यंत्राच्या फिरत्या चाकाभोवती लाकडाचे दोन ठोकळे बोल्टांनी आवळायचे. ठोकळ्यांना एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. चाक ठोकळ्यांना आपल्याबरोबर फिरवू पाहते, वजन त्यांना खाली ओढते. बोल्ट आवळत आणि वजन बदलत दांडा आडवा स्थिर केला की झाले. वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क, आसाला मिळणारा पीळ. त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती.

यातली खरी गंमत अशी की लाकूड आणि लोखंड यांच्यातले घर्षण किती, हे प्रोनीला माहीत असण्याची गरज नव्हती. लाकूड तापो, गुळगुळीत होवो, तेलकट होवो. दांडा आडवा आहे तोवर वजन खरे बोलते. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत चाकावर दोर गुंडाळून त्याच्या टोकांना ताणकाटा आणि वजने लावून जो 'रोप ब्रेक'चा प्रयोग करतात, तो याच कुळातला. आणि 'ब्रेक हॉर्सपॉवर'मधला ब्रेक तोही हाच.

उष्णतेचा प्रश्न

अडवलेली ताकद कुठे जाते? ती उष्णता होते. एक मीटर लांबीच्या दांड्यावर २० किलो तोलून धरणारे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेणारे इंजिन साधारण ६२ किलोवॅट, म्हणजे ८२-८३ अश्वशक्ती देत असते. न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा धरला तर हे एकदम सुरू केलेले तीसेक गिझर झाले. लाकडी ठोकळा याला किती वेळ पुरणार?

जहाजांची इंजिने हजारो अश्वशक्तीची झाली तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. ब्रिटिश नौदलासाठी तो सोडवला विल्यम फ्रूड याने, १८७७ मध्ये. जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून मोठ्या जहाजाला होणारा विरोध काढण्याची पद्धत ज्याने बसवली तोच हा फ्रूड. इतिहासकार जेम्स अँथनी फ्रूड त्याचा धाकटा भाऊ. विल्यमने लाकूड काढून टाकले आणि पाण्याला ब्रेक केले. एका बंद पेटीत वाट्यांसारखे खळगे असलेले फिरते चाक, त्याच्या समोर तसेच खळगे असलेली पेटीची भिंत. मधल्या पाण्यात जोरदार भोवरे उठतात आणि ते पेटीलाच फिरवू पाहतात. पेटीला दांडा, दांड्याला वजन. म्हणजे तत्त्व प्रोनीचेच. फरक एवढाच की तापलेले पाणी सोडून देता येते आणि गार पाणी आत घेता येते. फ्रूड १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वारला, पण हीनन अँड फ्रूड या कंपनीने त्याचे उपकरण जगभर पोचवले. पुढे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूत भोवरी प्रवाह उठवून अडवणारे विजेचे ब्रेक आले. त्यांत वीज कमी-जास्त केली की भार बदलतो.

जुळवणीचे टेबल

मोटारीच्या बाबतीत डायनॅमोमीटरने आणखी एक काम पत्करले, ते म्हणजे ट्यूनिंगचे. नुसता आकडा काढून थांबायचे नाही, आकडा बघत बघत इंजिन सुधारायचे.

हे काम बाहेरून कंटाळवाणे दिसते. इंजिन बाकावर पक्के केलेले असते. समजा ३,००० फेऱ्यांवर ते धरून ठेवले. मग ठिणगी एकेक अंशाने आधी पाडत जायचे. टॉर्क वाढतो, वाढीचा वेग कमी होतो, आणि एका ठिकाणी वाढ थांबते. आणखी पुढे गेले की सिलिंडरमधून टकटक ऐकू येते, इंधन वेळेआधी आणि वेडेवाकडे पेट घेऊ लागते. मेकॅनिक म्हणतात, इंजिन नॉक करतेय. तिथून मागे यायचे. मग इंधन आणि हवेचे प्रमाण. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, पण जास्तीत जास्त जोर मिळतो तो साधारण १२.५ ते १३ पटीला, म्हणजे थोडे इंधन वाया घालवून. मग वेग बदलून हे सगळे पुन्हा. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात एकेका जेटसाठी इंजिन थांबवावे लागे. आता संगणकातले कोष्टक भरत जायचे असते.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेले इंजिन तिथे तेवढे कमी श्वास घेणार. म्हणून त्या दिवसाचे तापमान आणि हवेचा दाब नोंदवून आकडा दुरुस्त केल्याशिवाय दोन ठिकाणच्या चाचण्यांची तुलना करता येत नाही.

या कामाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत हॅरी रिकार्डो हे मोठे नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी इंजिन करणाऱ्या रिकार्डोने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरम येथे प्रयोगशाळा उभारली. शेल कंपनीसाठी त्याने एक खास इंजिन केले. त्यात इंधन-हवा किती दाबली जाते ते प्रमाण इंजिन चालू असतानाच बदलता येई. वेगवेगळी इंधने घालून, नॉकिंग कुठे सुरू होते ते बघून त्याने दाखवले की इंजिनाची मर्यादा बऱ्याच अंशी इंधनाची मर्यादा असते. पंपावर आज दिसणाऱ्या ऑक्टेन आकड्याकडे जाणारी वाट या अशा प्रयोगांतून निघाली.

पण त्याच काळात अमेरिकेत त्याच प्रश्नाला दुसरे उत्तर सापडले. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली आणि त्याचे सहकारी नॉकिंग थांबवणारे रसायन शोधत होते. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांनी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग वापरून पाहिले. चिमूटभर शिसे, आणि टकटक बंद. चाचणीच्या टेबलावर निकाल निर्विवाद होता. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवणारे कामगार मेले, डॉक्टरांनी इशारे दिले, तरी शिसे पेट्रोलमध्ये राहिले. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले २००० साली. अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवले तेव्हा कुठे जगातल्या मोटारींसाठी त्याची विक्री संपली. टेबलाला विचारले होते, नॉकिंग थांबले का? त्याने बरोबर उत्तर दिले. धुराड्यातून बाहेर पडून मुलांच्या रक्तात काय जाते, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

कागदी घोडे

सरकारे या खेळात उतरली ती कराच्या निमित्ताने. ब्रिटनमध्ये मोटारीवर अश्वशक्तीप्रमाणे कर बसला. १९२१ पासून दर अश्वशक्तीला एक पौंड. पण प्रत्येक इंजिन ब्रेकवर कोण चढवणार? म्हणून सूत्र ठरले: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. दट्ट्या किती लांब धावतो, किती वेगाने धावतो, याला सूत्रात जागाच नव्हती.

कारखानदारांनी जे करायचे तेच केले. अरुंद सिलिंडर आणि लांब धाव अशी इंजिने ब्रिटनमध्ये बनू लागली. कर कमी, जोर पुरेसा. अशी इंजिने फार वेगाने फिरवणे अवघड, आणि रुंद रस्त्यांच्या देशांत ती विकणेही अवघड. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कर गेला, पण तोवर एका सूत्राने एका देशाच्या इंजिनांना आकार दिला होता. आपल्याकडे आलेली 'हिंदुस्तान टेन' म्हणजे मूळची 'मॉरिस टेन'. नावातला हा दहा कराच्या सूत्रातला. ब्रेकवर ते इंजिन याच्या तिपटीहून जास्त शक्ती देई.

अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथे आकडा फुगवण्याची चढाओढ होती आणि त्यासाठी ब्रेकवर खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. इंजिन गाडीतून काढून, पंखा, हवेची गाळणी, आवाज दाबणारा सायलेन्सर असे शक्ती खाणारे सारे उतरवून टेबलावर चालवायचे. हा झाला 'ग्रॉस' आकडा. १९७१-७२च्या सुमारास कंपन्या गाडीत असते तशा स्थितीतला 'नेट' आकडा देऊ लागल्या. १९७१च्या कॅडिलॅक एल्डोराडोचा ग्रॉस आकडा ३६५, आणि नेट २३५. इंजिन तेच, वर्ष तेच, आणि १३० घोडे कागदावरून उधळले.

जागच्या जागी धावणारी मोटार

लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे, हे आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवले. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने धुरावर मर्यादा घातल्या. आता मोजायचे होते ते शक्तीचे नव्हे, घाणीचे प्रमाण, आणि तेही पूर्ण गाडीचे. त्यासाठी चॅसी डायनॅमोमीटर कामाला आला. गाडीची चालती चाके रोलरवर ठेवायची. चाके धावतात, रोलर अडवतात, गाडी जागची हलत नाही. समोरच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि चालकाने नेमका तोच वेग धरायचा असतो. अमेरिकेचे शहरी चक्र लॉस एंजेलिसमधल्या रस्त्यांवरून घेतलेले आहे: १,३७२ सेकंद, सुमारे १२ किलोमीटर. आपल्याकडे मोटारींसाठी सुधारित भारतीय चक्र आले, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. अशा चाचण्या करणारी आपली प्रमुख संस्था म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात वेताळ टेकडीवर. त्या टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर तिला सर्रास 'एआरएआय टेकडी' म्हणतात.

नाक्यावरच्या पीयूसी केंद्राशी याची गल्लत करू नये. तिथे गाडी उभी असते, इंजिनावर भार नसतो. भाराखाली धूर किती, हे तिथे कळत नाही. त्यासाठी अडवणारे रोलरच लागतात.

परंतु चक्र ठरलेले असले की ते पाठही करता येते. फोक्सवॅगनने डिझेल मोटारींच्या संगणकात नेमके हेच भरले. चाके धावत आहेत, पण स्टिअरिंग वळत नाही. वेग, वेळ आणि हवेचा दाब ठरल्याप्रमाणे आहेत. म्हणजे आपण रोलरवर आहोत. मग धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण चालू. रस्त्यावर गेले की ती आवरती. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने मोजण्याचे सामान गाडीतच लादून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फेऱ्या मारल्या. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे भारतीय संशोधकही होते. रस्त्यावर जेट्टाच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले, पसाटचे ५ ते २० पट. याच गाड्या प्रयोगशाळेतल्या रोलरवर चाचणी पास होत होत्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस काढली, आणि कंपनीने जगभरच्या १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी एआरएआयने भारतातल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या. धूर मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला, आणि कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचे जाहीर केले.

हे प्रकरण फसवणुकीचे होते यात शंका नाही. पण दोनशे वर्षांच्या या हिशेबात ते एकटे उभे नाही. ब्रिटिश कारखानदाराने कराच्या सूत्राकडे पाहून सिलिंडर अरुंद केला, अमेरिकी कारखानदाराने टेबलावर चढवताना पंखा उतरवला, तेव्हाही इंजिनाची जुळणी रस्त्यासाठी न होता मोजणाऱ्यासाठीच होत होती. ती कायद्यात बसत होती, एवढाच फरक. संगणकाने त्या जुन्या सवयीला फक्त हात आणि डोळे दिले.

यावरचा उपाय डायनॅमोमीटर मोडीत काढणे हा नाही. एका गाडीची दुसरीशी न्याय्य तुलना करायची तर हवा, वेग, भार सारे काबूत हवे, आणि ते रोलरवरच जमते. उपाय असा की त्याच्या साक्षीला दुसरा साक्षीदार जोडायचा. भारतात एप्रिल २०२३ पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन मोजणे सक्तीचे झाले आहे. रोलरवर पास झालेली गाडी आता खऱ्या रहदारीतही तपासली जाते, चढावर, गर्दीत, स्टिअरिंग वळवत. रस्त्याचे चक्र कुणाला आधी पाठ करता येत नाही. माहितीपत्रकातला आकडा वाचताना ग्राहकानेही एवढे विचारायला हरकत नाही: हा आकडा कुठे काढला, गाडीत काय काय बसवलेले असताना काढला, आणि काढणाऱ्याला तो कशासाठी हवा होता?